घरगुती अडचण

शाळेतले कुणी सर किंवा बाई नोकरी सोडून निघाल्या, की त्यांना घरी जेवायला बोलवायचं, ही रीत अप्पांनी घातलेली. शाळा काढली त्याच्या दुसऱ्या वर्षी चित्रकलेचे एक सर निघाले, तेव्हा अप्पा, म्हणजे महांतप्पा, म्हणाले होते, "आपल्या लेकरांना शिकवलेला माणूस उपाशी जाऊ नये." त्याला एकवीस वर्षं झाली. तेव्हापासून मुरुमच्या या घरात दर उन्हाळ्यात दोन-तीनदा तरी निरोपाची हुग्गी शिजायची. गहू सडून रात्रभर भिजवायचे, सकाळी मऊ शिजवायचे, मग त्यात गूळ, खसखस, खोबरं. वर तुपाची धार.

हे सगळं करायची शिवकांता, अप्पांची थोरली सून. तिचं माहेर हद्दीच्या पलीकडचं, आळंदकडचं. शिक्षण सातवीपर्यंत, तेही कन्नडमधून. शाळेच्या आवारात ती वर्षातून दोनदाच पाय ठेवायची, झेंडावंदनाला आणि स्नेहसंमेलनाला. पण शाळेतल्या माणसांची जेवढी खबर तिला होती तेवढी तिच्या नवऱ्याला, म्हणजे बियाणांचं दुकान सांभाळून संस्थेचे सचिव असलेल्या शंभुलिंगला, नव्हती. कारण निरोपाला आलेली माणसं आधी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी यायची. काकू, काही मदत करू का, असं विचारायची, तिथंच टेकायची आणि बोलायला लागायची. बैठकीत अप्पांसमोर जे तोंडातून निघायचं नाही ते इथं निघायचं. शिवकांता भाकरी थापत ऐकायची, मधूनच "व्हय का?" म्हणायची. निघताना प्रत्येक जण तिला एकच वाक्य सांगून जायचा, की काकू, तुमच्याशी बोललं की हलकं वाटतं. तिला त्याचा अभिमान होता. घरात तिचं असं जे थोडंथोडकं होतं त्यातली ही एक गोष्ट होती.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी वैजनाथ सर आले.

वैजनाथ गणिताचे. गाव अणदूर, घर धनगराचं. वडील लिंबाजी अजून मेंढरांमागं फिरत होते. सहा वर्षं ते मुरुमात स्टँडमागच्या एका खोलीत राहिले, आणि दहावीची पोरं गणिताला घाबरायची थांबली ती त्यांच्यामुळं, हे गावात सगळे मान्य करायचे. आता ते लातूरला एका क्लासमध्ये निघाले होते.

"बसा सर," शिवकांता म्हणाली. "पंखा हिकडं वळवते."

"राहू द्या काकू. तुमची चूल विझायची."

थोडा वेळ ते शेंगा सोलत बसले. मग आपणहून म्हणाले, "काकू, पगारासाठी चाललोय असं गावाला वाटतंय. तिकडं थोडा जास्त मिळंल, पण खोलीभाडंही तसंच. त्यासाठी न्हाय चाललो."

"मग?"

"सकाळी शाळा भरायच्या आधी अर्धा तास मी काही पोरं घेऊन बसायचो. भागाकार न येणारी. बारा पोरं होती. ऊसतोडीला आईबाप गेलेली, आजीकडं राहिलेली. दिवाळीनंतर शाळेच्या गाडीची वेळ बदलली अन् तो तास बंद पडला. मला कुणी सांगितलं न्हाय. मी आपला फाटकाशी उभा. मग जानेवारीत शिपाई चिठ्ठी घेऊन आला, उद्यापासून आठवीचा वर्ग तुमच्याकडं न्हाय. आठवीच्या दोन तुकड्या एक केल्या म्हणून. एका वर्गात एकाहत्तर पोरं कोंबली काकू. करायचं असंल तर करा. पण शिकवणाऱ्याला एकदा विचारा तरी, की बाबा, कसं करू."

शिवकांता भाकरी उलटता उलटता म्हणाली, "हेडमास्तर काय म्हणाले?"

"गुंडाप्पा सर? ते म्हणाले, वरून आलंय."

वरून म्हणजे तिच्याच घरातून. हे दोघांनाही माहीत होतं. तिनं शेंगाचटणीची वाटी त्यांच्यापुढं सरकवली. त्यांनी भाकरीच्या तुकड्याला लावून खाल्ली, आणि हसून तेच वाक्य म्हणाले. हलकं वाटलं काकू.

पानं बैठकीच्या खोलीत मांडली. अप्पा भिंतीकडं, त्यांच्या उजव्या हाताला शंभुलिंग, डावीकडं धाकटा श्रीनाथ आणि समोर वैजनाथ. वाढायला शिवकांता आणि तिची जाऊ गायत्री. गायत्री श्रीनाथची बायको, आणि त्याच शाळेत नऊ वर्षांपासून विज्ञान शिकवणारी. लग्न होऊन आली ती बी.एड. करूनच. शिवकांता तिच्याहून पंधरा वर्षांनी मोठी, आणि तिनं गायत्रीला जाऊ म्हणून नव्हे तर धाकटी बहीण म्हणून घरात घेतलं होतं. गायत्रीची दोन्ही बाळंतपणं तिनंच केली. शाळेतून आल्यावर गायत्री आधी तिच्याजवळ येऊन बसायची, मग साडी बदलायची.

"वैजनाथ सर," अप्पा म्हणाले, "अर्जात तुमी लिहिलंय घरगुती अडचण. लिंबाजी बरे हायत ना?"

"बाबा बरे हायत अप्पा."

"आई?"

"आईबी बरी हाय."

"मग अडचण कसली? आमाला सांगा. माणूस पाठवायचा असंल तर पाठवू."

वैजनाथनी हुग्गीत बोट फिरवलं. शंभुलिंग हसत म्हणाला, "अप्पा, आपल्या फायलीत सगळ्यांची घरगुतीच अडचण असती. तशी लिहायची पद्धतच हाय."

गायत्री आमटीचं भांडं घेऊन उभी होती. ती म्हणाली, "त्यांच्या घरी काही अडचण नाही अप्पा. माझ्याही घरी नाही. पण मीही तेच लिहिलंय."

कुणाच्या लगेच लक्षात आलं नाही. आधी लक्षात आलं ते शिवकांताच्या, कारण शंभुलिंगचा हात ताटातच थांबलेला तिनं पाहिला.

"तू काय लिहिलंस?" अप्पांनी विचारलं.

"राजीनामा. गुरुवारी दिला. अण्णांकडं आहे."

अप्पांनी थोरल्याकडं पाहिलं. शंभुलिंग म्हणाला, "दुकानाच्या खणात हाय. म्हणलं आधी समजूत काढावी. उगी तुमच्या जिवाला घोर कशाला."

"उमरग्याच्या शाळेत जागा आहे," गायत्री म्हणाली. "यांच्यासोबत गाडीवर जाईन, यांच्यासोबत येईन."

"श्रीनाथ, तुला ठाऊक होतं?"

श्रीनाथ उमरग्याच्या बँकेत होता, स्वभावानं मऊ, भांडणाच्या वाटेला न जाणारा. तो ताटाकडं बघत म्हणाला, "होतं अप्पा. पण अण्णाला दुखवून न्हाय. अण्णानं शाळेसाठी काय केलं न्हाय? मी तिला तेच म्हणालो."

"म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं," अप्पा हळूच म्हणाले.

सगळ्यांना नव्हतं. शिवकांताला नव्हतं. तिनं भाकरीची टोपली तिथंच खाली ठेवली आणि ती आत निघून गेली.

चुलीपाशी उभी राहून ती उगीच पातेल्यावरची झाकणं उचलून बघत राहिली. परक्या गावची, कधी परत न भेटणारी माणसं तिच्यापाशी मन मोकळं करून गेली, आणि जिच्या लेकरांना तिनं न्हाऊ घातलं तिनं चार दिवस एका ताटात जेवून अवाक्षर काढलं नाही. गुरुवारी संध्याकाळी दोघी मिळून पापड लाटत होत्या, ते तिला आठवलं. गायत्री तेव्हा हसत होती.

गायत्री मागोमाग आली.

"अक्का."

"मला सांगायचं न्हाय, येवढं काय केलं गं म्या तुला?"

"अक्का, माझ्याकडं बघा."

"न्हाय बघत."

"मी तीन वर्षांपूर्वी पण सोडणार होते," गायत्री म्हणाली. "प्रयोगशाळेच्या नळाला पाणी नाही आणि त्याच महिन्यात भिंतीवर मोठा स्क्रीन आला, तेव्हा. तुमच्यापाशी येऊन रडले. तुम्ही डोक्याला तेल लावून दिलंत. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. मागच्या वर्षी पण तसंच. तुम्ही ऐकून घेता अक्का. ऐकून घेतलं की माझा राग जातो. या वेळेला मला राग घालवायचा नव्हता. तुम्हाला सांगितलं असतं तर मी थांबले असते, आणि शाळेत काहीच बदललं नसतं."

शिवकांता वळली. तिला रागावायचं होतं, पण जे ऐकलं ते मनात खोल उतरत गेलं आणि राग कुठंतरी बाजूला राहिला. वैजनाथ सर अर्ध्या तासापूर्वी इथंच हलके झाले होते. त्यांच्या आधी ती इंग्रजीची बाई. त्यांच्या आधी ते भूगोलाचे सर. सगळे तिच्यापाशी हलके झाले, जेवले, आणि गेले. जे त्यांनी शंभुलिंगला, अप्पांना सांगायचं ते तिनं भाकरीच्या परातीपाशी ऐकून घेतलं आणि स्वतःपाशी ठेवलं. तिला वाटायचं आपण त्यांचं भलं करतोय.

"यव्वा," ती माहेरच्या बोलीत एवढंच म्हणाली. मग पदरानं हात पुसले. "चल."

"कुठं?"

"भायेर."

बैठकीत अप्पांनी तोवर एक तोड काढली होती. गायत्री येताच ते म्हणाले, "गुंडाप्पा सर थकलेत. जूनपासून हेडमास्तर तू. झालं? आता घरातलंच माणूस तिथं बसलं म्हणजे कुणाची तक्रार राहणार न्हाय."

शंभुलिंगचा चेहरा मोकळा झाला. श्रीनाथ तर हसलाच. घरातली गोष्ट घरातच मिटली असं त्यांना वाटलं.

"नको अप्पा," गायत्री म्हणाली.

"नको?"

"मला रागावू नका. मी घरातली आहे म्हणून मला मिळालं. बाकीचे सतरा जण आहेत, त्यांचं काय? उद्या वेळापत्रक अण्णांऐवजी मी करीन आणि शिपाई माझी चिठ्ठी घेऊन जाईल. एवढाच फरक."

तेव्हा मात्र शंभुलिंगचा तोल गेला. तो ओरडणारा माणूस नव्हता, पण आवाज जड झाला. "म्हणजे मी वाईट. गाडी बंद पडली तर जीपमधून पोरं कोण सोडतंय? पत्रे उडाले तेव्हा वर कोण चढलं? मी कुणासाठी करतोय हे?"

"तुमी वाईट हायसा असं कुणी म्हणलं न्हाय," शिवकांता म्हणाली.

आजवर ती या खोलीत वाढायला यायची आणि वाढून जायची. आज ती भिंतीला टेकून खाली बसली. श्रीनाथनं नकळत थोडं सरकून जागा केली.

"अप्पा, मला बोलायचंय."

"बोल माय."

"इंग्रजीच्या शुभांगी बाई आठवतात? लग्न ठरलं म्हणून गेल्या असं आपण समजलो. त्यांचं लग्न ठरायला पुढं दोन वर्षं लागली. मे महिन्याच्या उन्हात घरोघरी फिरून पोरांचे प्रवेश आणायला लावले, एका घरातल्या माणसानं दारातनं हाकललं, ते त्यांना लागलं. आपण कुणी विचारलं न्हाय. भूगोलाचे सर गेले, कारण पुस्तकं बदलली ते त्यांना पोरांच्या दप्तरातनं कळलं. मराठीच्या बाईंनी वाचनाचा तास मागितला होता आठवड्यातनं एक. त्यांचा कागद गुंडाप्पा सरांच्या टेबलावरच राहिला. त्या उमरग्याला गेल्या. अजून सांगू का? सगळ्यांचं हाय माझ्यापाशी."

वैजनाथ सर मान खाली घालून बसले होते.

"हे तुला ठाऊक होतं," शंभुलिंग म्हणाला, "अन् मला बोलली न्हाईस?"

"तुमी विचारलं न्हाय. म्या सांगितलं न्हाय. चूक दोघांचीबी हाय. सगळ्यांनी घरगुती अडचण लिहिली. खोटं न्हाय लिहिलं. घर आपलं होतं, येवढंच."

अप्पांनी ताटातल्या हुग्गीकडं बघितलं, जणू ती कुणीतरी आत्ताच पानात वाढली होती. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा तो माणूस. या रस्त्यालगतची आपली जमीन त्यानं शाळेला दिली होती, आणि त्याचा त्याला फार मोठेपणाही वाटत नसे. त्यांनी ताट थोडं पुढं सरकवलं. मग म्हणाले, "एकवीस वर्षं मी मास्तरांना जेवायला बोलावलं. विचारायला एकदाबी बोलावलं न्हाय." आणि वैजनाथकडं वळले. "सर, तुमी सांगा. काय करायला पायजे?"

"मी आता जाणारा माणूस अप्पा."

"म्हणूनच विचारतोय. तुमाला आता आमची भीती न्हाय."

वैजनाथनी गायत्रीकडं पाहिलं, मग बोलले. आधी अडखळत, मग नीट. "संस्थेच्या समितीत सगळे घरचे अन् गावातले मोठे लोक हायत. त्यात दोन शिक्षक घ्या. शिक्षकांनी आपसात निवडलेले, तुमी नेमलेले न्हाय. अन् त्यांचं मत मोजा. नुसतं बसवू नका. वर्गाशी ज्याचा संबंध हाय, वेळापत्रक, पुस्तकं, तुकड्या, ते शिक्षकांच्या बैठकीत ठरू द्या. इतकंच."

"उद्या म्हणतील शनिवारी सुट्टी द्या," शंभुलिंग म्हणाला.

"म्हणतील कदाचित. तुमी न्हाय म्हणा. पण समोर बसून न्हाय म्हणा. चिठ्ठी नको."

श्रीनाथ पहिल्यांदाच मोठ्यानं बोलला. "अण्णा, मला वाटतं सर म्हणतात ते बरोबर हाय."

शंभुलिंगनं धाकट्या भावाकडं असं पाहिलं, जणू आता हाही हातचा गेला. तो उठला, हात धुवायला मागच्या अंगणात गेला, आणि लवकर परत आला नाही.

शिवकांता टॉवेल घेऊन मागं गेली. तो नळाशी उभा होता, हात कधीचे धुऊन झालेले.

"तूबी त्यांच्याच बाजूनं," तो म्हणाला.

"मी तुमच्या बाजूनं हाय. दर जूनला नवा मास्तर शोधत आळंदपतोर गाडी फिरवता, ते मला बघवत न्हाय."

त्यानं टॉवेल घेतला. तोंड पुसलं आणि टॉवेल तसाच चेहऱ्याशी धरून म्हणाला, "वेळापत्रक करायला मला आवडतं गं."

तिला हसू आलं, पण ती हसली नाही. तिला माहीत होतं. दर जूनच्या पहिल्या रविवारी तो मोठा तक्ता पसरून बसायचा, रंगीत पेन्सिली घ्यायचा, गणिताला निळी, मराठीला हिरवी, आणि दुपारचा चहा गार व्हायचा. बारावीनंतर त्याचा डी.एड.ला नंबर लागला होता. अप्पांनी बियाणांच्या दुकानावर बसवलं. त्याविषयी तो लग्नानंतर एकदाच बोलला होता, आणि तिनं परत कधी काढलं नव्हतं. शाळा त्याला तेवढीच मिळाली होती, तक्त्यापुरती.

"आवडतंय तर करा की," ती म्हणाली. "एकट्यानं कशाला करता? त्यांच्यासंगं बसून करा. मास्तरांत बसायचं तुमच्या मनात होतंच ना."

त्यानं टॉवेल तिच्या हातात दिला आणि आत गेला. ती अंगणात थोडी थांबली, आपण जास्त बोललो का असं तिच्या मनात आलं. आत आली तेव्हा शंभुलिंग कपाटातून गुंडाळलेला तक्ता काढत होता. त्यानं तो ताटं उचललेल्या जागेवर जमिनीवर पसरला आणि चारी कोपऱ्यांना वाट्या ठेवल्या.

"सर," तो वैजनाथला म्हणाला, अजून जरा घुश्शातच, "गणित मी शेवटच्या तासाला ठेवतो. दुसरी जागा बसतच न्हाय. ते का चुकतंय, सांगा मला."

वैजनाथ सर वाकले. "सातवीचं बघा. आधीचा तास कवायतीचा. पोरं घामानं निथळत येतात, पाणी प्यायला धावतात, निम्मा तास जातो. कवायत शेवटी ठेवा. घामेजली तर घरीच जातील."

शंभुलिंग तक्त्याकडं बघत राहिला. "हे मला कुणी बोललंच न्हाय."

गायत्री त्याच्या दुसऱ्या बाजूला येऊन बसली. "अण्णा, मग विज्ञान दुसऱ्या तासाला येईल का? प्रयोग मांडायला मला आधीचा तास मोकळा हवा."

"थांब, थांब. निळी पेन्सिल दे."

सरांची बस दोनची होती. ती गेली, साडेतीनचीही गेली. अप्पा तिथंच लोडाला टेकून डोळे मिटून पडले होते, आणि मधूनच डोळे न उघडता विचारायचे, "पाचवीचं बसलं का?" शिवकांतानं दोनदा चहा केला. दोन्ही वेळा गार झाला, पण या वेळी तिघांचा.

पावणेपाचला वैजनाथ उठले. "निघायला पायजे."

शंभुलिंग पेन्सिल हातात धरूनच म्हणाला, "राहा की सर."

हे त्यानं किती माणसांना म्हणायला हवं होतं, असं शिवकांताच्या मनात येऊन गेलं. वैजनाथचे डोळे भरल्यासारखे झाले. "महिन्यापूर्वी म्हणाला असतात तर राहिलो असतो. आता लातूरला शब्द दिलाय. तिथं पोरांची नावं लिहून झालीत."

शंभुलिंगनं मान हलवली. त्यानं हट्ट धरला नाही. सरांची बॅग स्वतः उचलून जीपमध्ये ठेवली आणि त्यांना स्टँडवर नव्हे, थेट अणदूरला घरी सोडायला गेला. अंधार पडता पडता परत आला तेव्हा एवढंच म्हणाला, "लिंबाजीनं दूध पाजलं मेंढीचं. लई चांगली माणसं." आणि कितीतरी वेळ ओट्यावर बसून राहिला.

समिती एवढ्यावर बदलली नाही. अप्पांना दोन बैठका घ्याव्या लागल्या. गावातले दोन जुने सभासद म्हणाले, नोकरांना कुठं मत असतं का. अप्पा म्हणाले, मास्तर नोकर न्हाईत. एकानं राजीनामा दिला. त्यानंही घरगुती अडचण लिहिली, त्यावर अप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

जूनमध्ये शाळा उघडली आणि पहिल्याच शनिवारी शिक्षकांनी मतांच्या चिठ्ठ्या टाकून आपली दोन माणसं निवडली. गायत्री उभी राहिली होती. तिचा राजीनामा अजून दुकानाच्या खणातच होता. उमरग्याच्या लोकांना तिनं महिन्याअखेर कळवते म्हणून सांगितलं होतं. संध्याकाळी ती घरी आली, चपला काढल्या आणि स्वयंपाकघरात न जाता ओट्यावर अप्पांपाशीच बसली.

"काय झालं?" अप्पांनी विचारलं.

"पडले."

"आं?"

"तीन मतं. पहिलीला शिकवणाऱ्या महादेवी बाई निवडून आल्या. आणि कवायतीचे वीरप्पा सर."

"आपल्या शाळेत आपली सून पडली?" अप्पा उठून बसले.

"महादेवी बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, मॅडम, राग मानू नका, तुम्हाला घरात बोलता येतं, आम्हाला तेवढी एकच जागा आहे. बरोबरच आहे अप्पा." ती बोलता बोलता हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. शिवकांता दारात उभी होती, तिला कळेना जवळ जावं की न जावं. शंभुलिंग दुकानातून आला, त्यानं सगळं ऐकलं आणि परत दुकानात गेला. थोड्या वेळानं येऊन गायत्रीच्या मांडीवर एक लिफाफा ठेवला.

"हे तुझं. काय करायचं ते कर."

त्याच्या मनात दोन महिने एक गोष्ट होती, ती त्यानं बायकोपाशीही काढली नव्हती. त्याला वाटत होतं, हे सगळं गायत्रीनं स्वतःला पुढं आणायला केलं. आज ते त्याच्या चेहऱ्यावरून गेलेलं शिवकांताला दिसलं. गायत्रीनं लिफाफा न उघडता मधून फाडला आणि तुकडे पदराच्या टोकात बांधले.

समितीची पहिली बैठक पुढच्या शनिवारी तीन वाजता बसली. सहा वाजले तरी शंभुलिंगचा पत्ता नाही. तो आला तो सरळ स्वयंपाकघरात. पाट ओढून बसला. कपाळावर आठ्या.

"माझं कुणी ऐकलंच न्हाय," तो म्हणाला. "उन्हात प्रवेश आणायला फिरायचं, ते बंद केलं. सगळ्यांनी मिळून. वीरप्पा सर म्हणतात, शाळा चांगली चालली तर पोरं आपोआप येतील. अरे, बाजूच्या गावात दोन नव्या शाळा निघाल्यात, पोरं आपोआप कशी येतील? अप्पांनीबी त्यांच्याच बाजूनं हात वर केला. मी म्हणतो—"

शिवकांता भाकरी थापायची थांबली. "हे तिथं बोललात का?"

"न्हाय. तिथं कुठं बोलणार सगळ्यांसमोर."

"मग मला सांगू नका. पुढल्या बैठकीला तिथं सांगा."

तो तिच्याकडं बघत राहिला. आजवर तिनं त्याला कधी असं परतवलं नव्हतं. तिलाही ते जड गेलं. तिचा हात आपसूक चटणीच्या वाटीकडं गेला होता, तो तिनं मागं घेतला.

काही वेळानं शंभुलिंग उठला. बाहेरून वही आणली, परत पाटावर बसला आणि पेन कानामागून काढलं. "बैठकीत विषय मांडायचा असंल तर आधी लिहून द्यायला लागतंय म्हणं. तसा कागद कसा लिहितात?"

"मला काय ठाऊक? गायत्रीला विचारा."

"गायत्री," त्यानं हाक मारली. "जरा ये. समितीला अर्ज कसा लिहायचा सांग."

गायत्री मुलाकडून कविता पाठ करून घेत होती. तिथूनच म्हणाली, "अण्णा, मी सभासद नाही. महादेवी बाईंना विचारा. सोमवारी मधल्या सुट्टीत मोकळ्या असतात."

ओट्यावर अप्पांचा ठसका ऐकू आला. शंभुलिंगनं बायकोकडं पाहिलं, आणि मग वहीच्या पानावर, तक्त्यावर लिहायचा तशा नेटक्या अक्षरात, वर आधी नाव लिहिलं. मा. महादेवी बाई यांस.